खडकवासल्याच्या पाण्याला ‘आरओ’ कशाला?

महोदय,

पर्यावरणपूरक घराविषयी लिहिताना कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश, मातीची भांडी यांची आठवण सगळ्यांना होते. ओट्याशेजारी भिंतीवर टांगलेल्या आरओ (पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळणाऱ्या) यंत्राबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. त्याची बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते आणि तिच्यातून दिवसभर पाणी ठिबकत राहते. घरगुती यंत्रे साधारणपणे एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर टाकून देतात. पिण्या-स्वयंपाकाला पंधरा लिटर लागणाऱ्या घरात रोज तीन बादल्या गटारात! आणि आपण दात घासताना नळ बंद करायला मुलांना शिकवतो.

मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे विक्रेत्यांचा तो ‘प्रयोग’ पाहिला की हात शिवशिवतात. दोन ग्लासांत सळया बुडवतात, वीज सोडतात. नळाचे पाणी गढूळ-तपकिरी होते, आरओचे स्वच्छ राहते आणि घरातली माणसे हबकतात. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, विरघळणाऱ्या लोखंडी सळईचा असतो. आरओच्या पाण्यात फारसे क्षार नसल्यामुळे वीजच नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. आमच्या सोसायटीत आलेल्या विक्रेत्याला मी तसे सांगितले, तर त्याला अचानक दुसरीकडे जायची घाई झाली.

आरओचे खरे काम विरघळलेले क्षार काढण्याचे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. आमच्या नळाला खडकवासला धरणाचे, म्हणजे सह्याद्रीत पडलेल्या पावसाचे पाणी येते. माझ्या टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजणाऱ्या मीटरवर आकडा शंभराच्या आसपास दिसतो. मग काढायचे काय? आधी कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून टाकायचे आणि वर ‘मिनरल’ची कांडी वेगळी विकत घ्यायची! ५०० च्या आतल्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितले होते.

जंतूंची भीती रास्त आहे, पण त्यासाठी साधा गाळणीचा फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा पुरतो. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की यूव्हीचा प्रकाश नीट पोहोचत नाही. अशा वेळी पाणी निवळू द्यावे, गाळून खळखळून उकळावे.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते पाणी जड असेल तर त्यांना आरओ लागणारच. त्यांनी ती नळी सिंकऐवजी बादलीत सोडावी. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी उत्तम. कुंड्यांना मात्र रोज घालू नये, मातीत क्षार साचतात. (माझ्या शेजारणीची तुळस त्यानेच गेली, असा मला दाट संशय आहे.)

महापालिकेला एक विनंती. गुरुवारी पाणी बंद ठेवण्याच्या सूचना तुम्ही तत्परतेने देता. त्याच तत्परतेने प्रत्येक प्रभागातल्या पाण्याचा टीडीएस दर महिन्याला जाहीर करा. तो आकडा समोर असला की यंत्र घ्यायचे की नाही, हे ग्राहक स्वतः ठरवेल.

— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे