भाव हवाच, पण सरावही हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

देवाला भाव पुरतो, सुराची मातब्बरी कशाला, असे सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकांच्या श्रद्धेचा मला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे साफ नामंजूर आहे. बायबलमधल्या स्तोत्र 33 मध्ये ‘कुशलतेने वाजवा’ अशी आज्ञाच आहे. बायबलच्याच ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या अध्याय 25 मध्ये मंदिरातल्या निष्णात गायकांचा आकडा दिलाय, 288. त्यांच्यात काय भाव नव्हता?

आमच्या चर्चच्या मंडळीत हाच ‘भाव पुरतो’ विचार शिरला. गायकवृंदाचा सराव बंद झाला, ऑर्गनला कुलूप लागले आणि मोबाइलवरचा ट्रॅक आला. माझ्या आत्याने उभी हयात गायकवृंदात घालवली. तिच्या अंत्यविधीला तिचे आवडते गीत लावले. गीत चार कडव्यांचे, ट्रॅक तीनच कडव्यांचा! पुनरुत्थानाची आशा नेमकी चौथ्यात. लोकांनी श्वास घेतला आणि संगीत थांबले. एकदोघींनी पहिला शब्द उचलला, बाकी सगळे एकमेकांकडे बघत राहिले. पट्टी तर इतकी वरची की पुरुषांचा आवाज आधीच बंद झाला होता. आम्ही ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणाऱ्या तिघी तिथेच बसून होतो, आम्हाला कुणी विचारलेही नाही. ऑर्गनवादक असता तर त्याने पट्टी उतरवली असती, दोन कडव्यांमध्ये श्वासापुरता थांबला असता, शवपेटी दाराबाहेर जाईपर्यंत वाजवत राहिला असता.

चांगले संगीत म्हणजे थाटमाट, असा लेखकांचा समज दिसतो. एका सुरातले साधे गीतही पुरते, पण ते घोटलेले हवे. मंडळीला गाता आले पाहिजे, मग ती आपोआप गाते.

जर्मन संगीतकार बाख लाइपझिग शहरात चर्चचे संगीत सांभाळायचा. त्याने 1730 मध्ये तिथल्या नगर परिषदेला लेखी कळवले होते की चर्चमध्ये गाणाऱ्या शाळेतल्या मुलांपैकी 17 कामाची, 20 अजून तयार व्हायची आणि 17 निरुपयोगी आहेत. चर्चमधल्या गाण्यासाठी तो अधिक गायक-वादक मागत होता. अनेक रचनांच्या शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची आद्याक्षरे लिहिणारा हा माणूस. त्याला भाव कमी होता, असे लेखक म्हणतील का?

आणखी एक. नाताळच्या उपासनेची बातमी देताना आपण दरवर्षी मेणबत्त्यांचा फोटो छापता. कोणती गीते झाली, ऑर्गनवर कोण होते, याची एक ओळ नसते. यंदा ती छापावी, ही विनंती.

आपली,
गायकवृंदातील एक वाचक