मथळ्याशेजारी सिग्माही छापा

महोदय,

मार्च २०२१ मध्ये सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाने बी मेसॉन या अल्पायुषी कणाच्या क्षयात, म्हणजे फुटण्यात, विसंगती जाहीर केली, तेव्हा निसर्गाचे नवे बल हाती लागल्याच्या थाटात बातम्या झळकल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच प्रयोगाच्या नव्या विश्लेषणात ती विसंगती विरून गेली. त्याचा गाजावाजा मात्र झाला नाही.

बी मेसॉन फुटून केऑन नावाचा एक हलका कण आणि म्युऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची) जोडी, किंवा केऑन आणि इलेक्ट्रॉनची जोडी मिळते. स्टँडर्ड मॉडेल या कणांच्या प्रस्थापित सिद्धांताप्रमाणे पहिल्या प्रकाराचे दुसऱ्याशी गुणोत्तर जवळपास १ हवे. आले ०.८४६, म्हणजे ३.१ सिग्मा (मोजमापातल्या अनिश्चिततेचे एकक) कमी. निव्वळ योगायोगाने असे होण्याची शक्यता हजारात एक. ‘शोध’ म्हणायला ५ सिग्मा लागतात, सुमारे ३५ लाखांत एक.

गोची इलेक्ट्रॉनची. म्युऑन सगळे थर भेदून सरळ निघून जातो. इलेक्ट्रॉन वाटेत फोटॉन उधळत ऊर्जा गमावतो. ते फोटॉन कॅलरीमीटर या ऊर्जामापकात हुडकून हिशेबात परत धरावे लागतात, आणि सगळे सापडत नाहीत. म्हणून तुकडे जुळवून काढलेल्या बी मेसॉनच्या वस्तुमानाच्या आलेखावर म्युऑनचे शिखर सुळक्यासारखे, तर इलेक्ट्रॉनचे पसरट टेकाड. त्याच्या उतारावर चुकून इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेलेले केऑन आणि पायॉन (आणखी एक हलका कण) दडून बसले. एक केऑन आणि दोन पायॉन देणारा क्षय हव्या त्या क्षयाच्या सुमारे शंभर पट घडतो. त्यातले थोडे निसटले तरी पुरे. इलेक्ट्रॉनचा आकडा, म्हणजे छेद, फुगला; गुणोत्तर घसरले.

मध्ये जे/साय नावाचा कण बनून त्यामार्गे होणाऱ्या तशाच क्षयावर पडताळा घेतला होता आणि तिथे गुणोत्तर १ च येत होते. पण तो क्षय शेकडो पट विपुल, त्यात एवढी भेसळ जाणवतच नाही! पुढे तीच नोंदवलेली माहिती कडक चाळणीतून काढली, उरलेली भेसळ मोजून हिशेबात धरली आणि आकडा ०.९४९ वर आला. त्रुटी धरता तो १ शी जुळतो.

टाऊ लेप्टॉन (इलेक्ट्रॉनचे आणखी जड भावंड) देणाऱ्या बी मेसॉनच्या क्षयांचे प्रमाण मात्र अजूनही अपेक्षेपेक्षा सुमारे ३ सिग्मा जास्त भरते. जपानच्या बेल-२ प्रयोगाने २०२३ मध्ये बी मेसॉनचा केऑन आणि दोन न्यूट्रिनो (जवळपास न दिसणारे कण) देणारा क्षय अपेक्षेपेक्षा २.७ सिग्मा जास्त नोंदवला. तिथल्या सिलिकॉन डिटेक्टरचा चौथा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने उभारला आहे, त्यामुळे पुढची बातमी मराठीत येणारच. ती छापताना सिग्मा किती आणि पार्श्वभूमीतली भेसळ कशी मोजली, एवढे दोन प्रश्न वार्ताहरांनी जरूर विचारावेत.

– एक वाचक, पुणे