शेक का नाही, ते सांगते

बडोदे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "शेक देणार नाहीत म्हणजे उपचार अर्धेच." शेक म्हणजे कर्करोगावरचे किरणोपचार, रेडिएशन. शेजारी चिमू बसली होती, बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

चिमूचा आजार मावशीचाच, हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. मावशीच्या वेळी मानेपासून छातीपर्यंत ४० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) आसपास शेक देत. त्यानेच ती वाचली. पण पुढे थायरॉइडच्या गोळ्या, मग हृदयाची झडप, मग स्तनाचा कर्करोग. आपण तिच्या नशिबाला बोल लावत राहिलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, हे बहुतेक त्या शेकाचेच परिणाम. कोवळ्या वयात छातीवर घेतलेला शेक दहा-वीस वर्षांनी असा बाहेर पडतो, आणि मुलींना स्तनांचा धोका फार. चिमू पंधराची आहे, बाबा. तिला अजून साठ वर्षं जगायचंय.

केमोच्या दोन सायकल, म्हणजे दोन फेऱ्या, झाल्यावर पेट स्कॅन केला; आजार शरीरात कुठे आहे ते त्यात काळं दिसतं. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून दाखवली. आधीच्या चित्रात मान आणि छाती काळ्या डागांनी भरलेली. नव्यात मेंदू आणि मूत्राशय तेवढं काळं, आणि ते सगळ्यांचंच तसं दिसतं. मी तिथेच रडले.

युरोपात मुलांवर मोठा अभ्यास झाला, युरोनेट नावाचा. पहिल्या दोन सायकलींत गाठी पुरेशा विरल्या त्यांना शेक दिलाच नाही, आणि पाच वर्षांनी त्यांतली शेकडा ९० मुलं आजार न उलटता ठीक होती. उरलेल्यांची काळजी मलाही वाटते. पण आजार उलटला तरी पुढचे उपचार आहेत, तेव्हा शेकही देता येतो. आज दिलेला शेक मात्र परत काढून घेता येत नाही.

केमो पुरी होणार आहे, त्यात काटछाट नाही. केमोतलं ते लाल औषध हृदयाला जड, म्हणून मधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात.

आई, येताना सराफ्यातलं खायचं काही आणू नकोस, तिला बाहेरचं खाणं बंद आहे. तुझ्या हातचे बेसनाचे लाडू चालतील. सर्दी-खोकला असेल तर मात्र येणं पुढे ढकला. आणि मावशीचा विषय चिमूसमोर नको. तिला ते मी सांगेन, केमो संपल्यावर.

तुमची,
ताई