नवीकोरी बॅटरी बघून मी भाळलो होतो, थँक्यू काका

काका,

तुम्हाला समोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही विषय बदलता, "ते राहूदे रे, गाडी ॲव्हरेज किती देतेय ते सांग" म्हणता आणि मी पण मग ॲव्हरेजवर बोलत बसतो. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय, म्हणजे तुम्हाला टाळता येणार नाही, आणि जो कोणी जुनी गाडी घ्यायच्या नादात असेल त्यालाही जरा उपयोग होईल.

मी जुनी बाइक बघायला जायचं म्हटलं त्या दिवशी तुम्ही स्वतःच यायला निघाला होतात, पाय प्लास्टरमध्ये असताना! काकूंनी अडवलं म्हणून थांबलात, आणि मग जाताना तुमचा तो जुना पिवळा मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) माझ्या हातात ठेवून म्हणालात की मी फोनवर आहे, तू फक्त मी सांगतो तिथे टोकं लाव आणि आकडा वाच, डोकं चालवू नकोस. मला तर मीटर कुठे फिरवायचा तेही माहीत नव्हतं. "व्ही समोर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ आहे ना, तो डीसी, तिथे ठेव, नागमोडी रेघ आत्ता नको, ती नंतर लागेल." हे वाक्य आता माझं पाठ झालंय.

पहिली गाडी म्हणजे ती चकाचक. सीट उघडल्या उघडल्या नवीकोरी बॅटरी, टर्मिनलवर पांढरी पावडर नाही, काही नाही, आणि मालक म्हणतोय परवाच टाकलीय, आता दोन वर्षं बघायला नको. सेल्फ एका झटक्यात. मी मनात गाडी घेऊन घरी पण पोचलो होतो. आणि तुमचा फोनवर पहिला प्रश्न काय, तर "इंजिनला हात लाव, गरम आहे का?" होतं गरम. तुम्ही म्हणालात, म्हणजे तू यायच्या आधी त्याने चालू करून ठेवलीय, पुढच्या वेळी आधीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी थंड राहूदे.

बॅटरीला टोकं लावल्यावर मीटरवर १३.१ व्होल्ट आलं तर मी खूश, वाटलं बारापेक्षा जास्त म्हणजे एकदम भारी. तुम्ही म्हणालात हा आकडा फसवा आहे, चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी थोडा वेळ असाच फुगवून आकडा दाखवते, हेडलाइट दोन मिनिटं चालू ठेव, बंद कर, परत बघ. १२.६. हा खरा. मग तुम्ही मला तिथेच उभ्या उभ्या शिकवलंत की बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी २.१ च्या आसपास, म्हणून १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समज. १०.५ च्या आसपास अडकून बसली असेल तर एक सेल मेलाय, कितीही चार्ज करा काही होत नाही. (हे सगळं साध्या लेड ॲसिडचं, लिथियम टाकलेली असेल तर भरलेली असताना तेराच्या वर असते, तिथे हे आकडे चालत नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत.)

मग सेल्फ मारताना आकडा किती खाली जातो ते बघायला लावलंत. १०.४ पर्यंत गेला आणि परत वर. साडेनऊच्या खाली गेला नाही म्हणजे बॅटरीत दम आहे. मी म्हटलं झालं की मग, घेऊ? तुम्ही म्हणालात, "तू अजून गाडी बघितलीच नाहीस, फक्त बॅटरी बघितलीस."

काका, या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे खरं तर.

गाडी चालू ठेवून टोकं परत बॅटरीवर लावली. १२.४. रेस दे म्हणालात, दिली, चार हजार आरपीएमला पण १२.४. हेडलाइट अप्परला टाकला, ब्रेक दाबून धरला, इंडिकेटर चालू, १२.१, आणि मी बघतोय तोवर १२.० झालं. तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, आकडा चढतोय की उतरतोय? उतरत होता. तेव्हा कळलं की चालू गाडीत रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे, तरच मॅग्नेटकडून (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) आलेलं करंट रेग्युलेटरमधून (व्होल्टेज आवरणारी डबी) बॅटरीत जातंय. आकडा वर सरकतच नसेल तर गाडी नुसती बॅटरी खातेय. उलट पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर उडालाय, तो बॅटरीला उकळवतो, मग सडक्या अंड्यासारखा वास, बाजू फुगलेल्या, पाणी सारखं कमी. आणि नवीन भरलेली बॅटरी टाकली की चार्जिंग शून्य असलं तरी गाडी बऱ्यापैकी अंतर मजेत चालते, टेस्ट राइड तर आरामात निघते, घरी नेल्यावर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात बसते. मी नुसती टेस्ट राइड मारूनच गाडी घेतली असती, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

मालक म्हणाला मीटर खराब असेल, थांबा मी दाखवतो, आणि चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायला पाना घेऊन आला, गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग आहे म्हणे. तुम्ही फोनवर असे ओरडलात की तोच दचकला. चालू गाडीत बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं, त्याला शोषून घ्यायला बॅटरीच नसते, आणि रेग्युलेटर, ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर), बल्ब जे सापडेल ते उडतं. त्या क्षणी मला कळलं की ही "टेस्ट" मी स्वतः एका गॅरेजमध्ये बघितलीय आणि भारी वाटली होती.

मग साइड पॅनल उघडायला त्याला कसंबसं तयार केलं. इंजिनकडून, म्हणजे मॅग्नेटच्या कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट) बघ म्हणालात. पांढरा असायला हवा तो, एका कोपऱ्यात चहासारखा तपकिरी झालेला, प्लास्टिक वितळून एक पिन आत चिकटलेली. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. कपलर सोडवला, आता नागमोडी रेघ, एसीवर ठेवून गाडी चालू करून दोन-दोन वायरींमध्ये मोजलं. तिन्ही जोड्यांत जवळजवळ सारखा आकडा यायला हवा, नक्की किती ते गाडीगणिक वेगळं. इथे एका जोडीत ६१, बाकी दोन्हीत तीसच्या खाली. गाडी बंद करून बीपवर ठेवलं, एक टोक पिवळ्या वायरला, एक इंजिनच्या बॉडीला, आणि मीटर बीप करायला लागला. तुम्ही शांतपणे म्हणालात, कॉइल जळून अर्थ झालीय, म्हणजे इंजिनच्या बॉडीला टेकलीय, इंजिनचं कव्हर उघडावं लागेल, नमस्कार कर आणि निघ.

त्या माणसाला मी खोटारडा म्हणणार नाही, त्याला बिचाऱ्याला दर वेळी कोणीतरी बॅटरीच बदलून दिली असणार. आपल्याकडे गाडी चालू झाली नाही की पहिली शिक्षा बॅटरीलाच.

दुसरी गाडी तर मी बघायलाच तयार नव्हतो हे तुम्हाला आठवत असेल. धूळ खात पडलेली, सेल्फ दाबला की नुसतं टक टक टक, गाडीचा स्पीडोमीटर बंद पडल्यासारखा मिणमिणतोय. बॅटरी ११.८. सेल्फला ८.७ पर्यंत पडली. मालक स्वतःच म्हणाला, चार महिने उभी आहे हो, सगळं तुमच्यासमोर आहे. मी परत फिरणार होतो आणि तुम्ही म्हणालात किक आहे ना, मार. सहाव्या किकला चालू झाली. सुरुवातीला १३.२, कारण मेलेली बॅटरी सगळं करंट ओढून घेते, पण पाच-सात मिनिटांनी १३.८, रेस दिली की १४.३ आणि तिथेच थांबली, अप्पर लाइट टाकला तरी १४.१. कपलर पांढरा, फ्यूज मूळच्याच अँपिअरचा, कोणी तार गुंडाळलेली नाही की जाड फ्यूज कोंबलेला नाही. तिन्ही जोड्या पण सारख्या. तुम्ही म्हणालात, याला फक्त बॅटरी हवीय, तेवढे किमतीतून कमी कर. केले. नवीन बॅटरी टाकल्यावर परत सगळे आकडे घ्यायला लावलेत, कारण मेलेल्या बॅटरीवरच्या मोजणीवर पूर्ण विश्वास नको. तेव्हाही १४.३.

आणि तरीही चौथ्या दिवशी सकाळी बॅटरी डाऊन! दोन दिवस गाडी हलवली नव्हती एवढंच. मी तुम्हाला जरा चिडूनच फोन केला होता, त्याबद्दल सॉरी. तुम्ही न चिडता म्हणालात, गाडी बंद असताना कोण खातंय ते बघू. किल्ली बंद, आधी निगेटिव्ह काढ (आधी पॉझिटिव्ह काढताना पाना चुकून चॅसीला लागला तर ठिणग्या उडतात), मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घाल, मीटर टर्मिनल आणि वायर यांच्या मध्ये लाव, आणि चुकूनही सेल्फ मारू नकोस, नाहीतर माझा मीटर जाईल. ०.१८ आलं. मला वाटलं एवढंसं तर आहे. तुम्ही हिशोब घातलात, ०.१८ गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला ४.३ अँपिअर तास, आणि आपली बॅटरी ९ ची. दोन दिवसात साफ. मग एकेक फ्यूज काढून बघितले, काही फरक नाही, म्हणजे फ्यूजच्या आधीच कोणीतरी वायर जोडलीय. टाकीखाली सापडली ती, आधीच्या मालकाने लावलेली अलार्मची डबी, सायरन केव्हाच मेलेला पण डबी आत जागीच. थेट बॅटरीवर. वायर काढली, ०.००. वायर मिलिअँपिअरच्या भोकात घालून बघितलं तर १.२, ते घड्याळाचं, तेवढं चालतं म्हणालात.

आता दोन महिने झाले, सेल्फ एका झटक्यात. मधे आमच्या ऑफिसमधला एकजण गाडी बघायला गेला तेव्हा मीच फोनवर होतो, आणि त्याला "आकडा चढतोय की उतरतोय" असं तुमच्याच आवाजात विचारताना माझं मलाच हसू आलं.

मीटर परवा आणून देतो. त्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह दिसायला लागलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात की आतली बॅटरी उतरली की मीटर चुकीचे आकडे दाखवतो, म्हणून नऊ व्होल्टची नवीन टाकलीय. ९.४ आहे, मोजून घेतलीय. हेडलाइट लावून बघता नाही आलं एवढंच.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा