हातघडणीच्या चाकूंचे प्रदर्शन मुंबईतही भरावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन मागवलेल्या चाकूंचा गुन्ह्यात वापर झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यानंतर स्वयंपाकघराबाहेरच्या सगळ्याच चाकूंवर बंदी घालावी, अशी मागणी होऊ लागते. त्या मागणीमागची काळजी खरी आहे. परंतु सरसकट बंदीच्या भाषेत चाकू हाताने घडवणारे कारागीर आणि त्यांचे काम जपणारे संग्राहक पूर्णपणे नजरेआड होतात. मुंबईतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये (हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात), तिथे पोलाद तापवून-थंड करून कडक करण्याच्या म्हणजे हीट ट्रीटमेंटच्या कामावर, माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना अटलांटा शहरात दर जून महिन्यात भरणारा ‘ब्लेड शो’ हे चाकूंचे प्रदर्शन मला पाहता आले. असे प्रदर्शन मुंबईत भरायला हवे आणि ते कायद्याच्या चौकटीत भरवता येईल, असे माझे ठाम मत झाले आहे, म्हणून हे पत्र.

हे प्रदर्शन १९८२ पासून भरते. मोठ्या सभागृहात शेकडो टेबले मांडलेली असतात. काही टेबले कंपन्यांची असली, तरी खरी गर्दी एकेकट्या कारागिरांच्या टेबलांपुढे असते. त्यातला मोठा भाग तिकडे ‘टॅक्टिकल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घडीच्या चाकूंचा असतो. सैनिक, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान यांना एक हात दोरावर किंवा जखमी माणसावर ठेवून दुसऱ्या हाताने पाते उघडावे लागते, या गरजेतून या चाकूंची घडण झाली आहे. स्पायडरको या कंपनीने १९८१ मध्ये पात्याला अंगठ्याने उघडण्यासाठी गोल भोक आणि खिशाच्या काठाला अडकवण्यासाठी क्लिप दिली आणि पुढे सगळ्या जगाने ती पद्धत उचलली. उग्र दिसण्यासाठीच आकार वेडावाकडा केलेली पातीही तेथे होती. ती मला आवडली नाहीत आणि त्यांच्यामुळेच या कलेचे नाव खराब होते, असे मला वाटते. पण चांगल्या कारागिराच्या टेबलावर तसले काही नव्हते. तेथे शांत, स्वच्छ, मापात बसलेले काम होते.

त्यातही घडीच्या चाकूच्या कुलपाने मला सर्वांत जास्त वेळ थांबवून ठेवले. उघडलेले पाते काम करताना बोटांवर मिटू नये, यासाठी हे कुलूप असते. मुठीच्या आत टायटॅनियमची पातळ पट्टी बसवलेली असते. पाते पूर्ण उघडले की ती स्वतःच्या ताणाने आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून अडते. मिटताना ती अंगठ्याने बाजूला ढकलावी लागते. मायकेल वॉकर या कारागिराने ही रचना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या रूपाला आणली. नंतर दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या ख्रिस रीव्ह यांनी वेगळी पट्टी न बसवता मुठीच्या एका बाजूलाच चीर देऊन तिचीच पट्टी केली, त्यामुळे कुलूप अधिक दणकट झाले. पाहायला ही रचना साधी आहे, पण पात्याच्या बुडाला द्यायचा उतार साधारण ७ ते १० अंशांचाच लागतो. उतार कमी पडला तर पट्टी आवळून बसते आणि सुटत नाही. जास्त झाला तर दाब येताच निसटते आणि बोट कापते. हा उतार हाताने घासून, पुन्हा पुन्हा बसवून पाहत, प्रत्येक चाकूसाठी वेगळा साधावा लागतो. जिग आणि डाय बनवणाऱ्या आपल्या गिरणगावातल्या जुन्या फिटरना हे काम दाखवले असते, तर त्यांनी त्याची किंमत एका नजरेत ओळखली असती.

पोलादाविषयी तेथे ज्या मोकळेपणाने बोलले जाते, तेही मला विशेष वाटले. कॅलिफोर्नियाचे बॉब लव्हलेस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘१५४ सीएम’ हे पोलाद चाकूंच्या जगात आणले. ते मुळात जेट इंजिनातल्या बेअरिंगसारख्या कामांसाठीचे होते. हजार अंश सेल्सिअसच्या बऱ्याच वर तापवायचे, झपाट्याने थंड करायचे, मग शून्याखाली खोल उतरवायचे आणि शेवटी दोनशे अंशांच्या आसपास दोनदा टेम्परिंग करायचे (म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा बेताने तापवायचे), अशी त्याची क्रिया आहे. ती नीट झाली की कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर ६० च्या आसपास आकडा येतो. हे सगळे आकडे कारागीर गिऱ्हाइकाला विचारल्याबरोबर सांगतात आणि गिऱ्हाईकही ते समजून घेते. पाते कोणत्या भट्टीत तापवले, मूठ हाताने घासली की यंत्रावर कापून आणली, याचे उत्तर टाळले तर त्या कारागिराचे नाव खाली येते. पाण्याच्या झोताने किंवा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापलेले भाग हाताने जुळवून केलेला चाकू कमी प्रतीचा मानत नाहीत, पण त्याला पूर्ण हातघडणीचा म्हणून विकणे हा विश्वासघात समजला जातो.

प्रदर्शनातली शिस्त तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. परवानगी घेतल्याशिवाय कोणी चाकू उचलत नाही. पात्याला बोट लावत नाहीत, कारण घामाचा ठसा पोलादावर डाग पाडतो. परत देताना घडीचा चाकू मिटून देतात आणि न मिटणारा चाकू असेल तर मूठ समोरच्याकडे करून देतात. नावाजलेला कारागीर वर्षभरात मोजकेच चाकू बनवतो आणि घेणारे त्याच्या कितीतरी पट असतात. अशा वेळी अनेक जण भाव चढवत नाहीत किंवा लिलावही करत नाहीत. इच्छुकांनी नावाची चिठ्ठी डब्यात टाकायची, ठरलेल्या वेळी सर्वांसमोर एक चिठ्ठी काढायची आणि जिचे नाव निघेल त्या व्यक्तीला ठरलेल्याच किमतीत चाकू द्यायचा. दलाल मग तोच चाकू दुप्पट भावाने विकतात, हेही खरे आहे, आणि कारागिरांना त्याचा मनस्ताप होतो.

ज्या गोष्टीमुळे मला मुंबईची आठवण झाली, ती मात्र घडीच्या चाकूंची नव्हती. बिल मोरान नावाच्या लोहाराने १९७३ मध्ये थर जोडून बनवलेल्या, अंगावर नक्षी असलेल्या दमास्कस पोलादाचे चाकू अमेरिकेतल्या प्रदर्शनात मांडले आणि मागे पडलेल्या लोहारकामाला नवे दिवस आले. १९७६ मध्ये त्यांनी लोहारांची एक संस्था उभी केली. तिची परीक्षा आजही घेतली जाते: उमेदवाराने स्वतः घडवलेल्या पात्याने लोंबकळता, इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, लाकडी दांडा दोनदा छेदायचा, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे आणि शेवटी ते पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरून ९० अंशांत वाकवायचे, ते तुटता कामा नये. धार कडक आणि पाठ लवचिक ठेवणे, म्हणजे पोलादाला पाणी देण्याचे शास्त्र खरोखर कळणे, हे या एका परीक्षेत सिद्ध होते.

मूळ दमास्कसची कीर्ती ज्या पोलादावर उभी होती, ते दक्षिण भारतात मुशीत वितळवून तयार होणारे वूट्झ होते. आज थर जोडून बनवतात ते दमास्कस वेगळे. मूळ पोलादावरची नक्षी पुन्हा कशी आणायची, याचा शोध प्राध्यापक व्हर्होवन आणि फ्लोरिडातले लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९० च्या दशकात लावला आणि त्यात व्हॅनेडियमच्या अत्यल्प अंशाचे महत्त्व दाखवून दिले. आपल्या मातीतल्या पोलादाचे गुपित फ्लोरिडातल्या लोहाराने उकलावे आणि आपल्याकडच्या लोहाराला आपल्या विद्येचे नावही कोणी विचारू नये, याचे मला मनापासून दुःख आहे.

आपल्याकडे कौशल्य नाही असे मुळीच नाही. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे तापवून आपले लोहार कोयते घडवतात. तेही स्प्रिंगचेच पोलाद आहे आणि अमेरिकेतले अनेक लोहार त्याच जातीच्या पोलादापासून चाकू बनवतात. त्यांचा चाकू शेकडो डॉलरना जातो. हा फरक पोलादाचा नाही. तापमान मोजणारी भट्टी, कडकपणा तपासायचे यंत्र, पात्यावर घडवणाऱ्याचे नाव आणि ते नाव विचारत येणारे गिऱ्हाईक यांचा तो फरक आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या चिलखतापुढे आपण मुलांना घेऊन उभे राहतो, पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहून थक्क होतो आणि खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतो. जुन्या लोखंडाबद्दलचा हा आदर आज घण मारणाऱ्या हातांपर्यंत पोहोचत नाही.

आता कायद्याविषयी. शस्त्र अधिनियम, १९५९ हा केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा उल्लेख आहे. शिवाय मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगता येत नाही. हे आदेश आवश्यक आहेत आणि ते शिथिल करावेत, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की बंद सभागृहात, आगाऊ परवानगीने भरणाऱ्या प्रदर्शनासाठी स्पष्ट लेखी कार्यपद्धती असावी. ती नसल्यामुळे प्रामाणिक कारागीर पुढे यायला घाबरतो, आणि ज्याला गुन्हाच करायचा आहे त्याला मात्र कोणत्याही बाजारात सुरी मिळते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारांबरोबर शस्त्रे घडवणारेही आहेत. ज्या व्यवसायाला सरकार प्रशिक्षण आणि कर्ज देते, त्याला आपला माल मांडायला जागा द्यायला अडचण का असावी?

सुरुवात लहान करता येईल. पहिल्या वर्षी स्वयंपाकाच्या सुऱ्या, विळ्या, कोयते, अडकित्ते आणि नियमांत बसणारे लहान चाकू एवढेच मांडावेत. घडीच्या चाकूंचे कुलूप कसे चालते, हे उघडलेल्या नमुन्यांवर दाखवावे. प्रवेश १८ वर्षांवरील व्यक्तींनाच आणि ओळखपत्र पाहून द्यावा. प्रत्येक पात्याची नोंद मांडणाऱ्याच्या नावासह ठेवावी, विकलेली वस्तू मोहोरबंद वेष्टनात पावतीसह द्यावी आणि ती नोंदवही स्थानिक पोलीस ठाण्याला खुली असावी. ससून डॉकवर दिवसभर मासळी कापणाऱ्या कोळणींना परीक्षक म्हणून बोलवावे, कारण धार किती काळ टिकते हे त्यांच्याइतके या शहरात कोणाला कळत नाही. एखाद्या आयटीआयने आपले सभागृह आणि भट्टी दोन दिवस दिली, तर जागेचाही प्रश्न सुटेल. कडकपणाची तपासणी आणि पोलादाला पाणी देण्याची प्रात्यक्षिके करण्यासाठी मी आणि टूलरूममधले माझे काही निवृत्त सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत. गृह विभाग आणि कौशल्य विकास विभाग यांनी एकत्र बसून अशा प्रदर्शनाची कार्यपद्धती ठरवावी, ही आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कर्मचारी
परळ, मुंबई