ओढ्याकाठी 'चल लवकर' नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन ओढ्याकाठच्या वाटेने फिरायला जाणारी कुटुंबं आता बरीच दिसतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण त्या वाटेवर सगळ्यात जास्त ऐकू येतं ते 'चल लवकर'. त्याविषयी चार ओळी लिहायच्या आहेत.

गेल्या महिन्यात लेक, जावई आणि दोन नातवंडांबरोबर मी अशाच एका वाटेवर गेले होते. नात सात वर्षांची, नातू चार. जाऊन-येऊन ४ किलोमीटरचा बेत होता. पहिल्याच वळणावर नातवाने काठचा एक दगड उलटा केला आणि तिथेच फतकल मारली. दगडाच्या ओल्या बाजूला वाळूच्या कणांची एक बारीकशी नळी चिकटली होती. "आजी, ही चालतेय!" आत कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी होती. तोंडातून काढलेल्या रेशमाने वाळूचा एकेक कण जोडून ती हे घर बांधते आणि अंगावर घेऊन हिंडते. शेजारी मेफ्लाय नावाच्या दुसऱ्या कीटकाची चपटी पिल्लं होती, पोटाच्या कडांना पिसांसारखे कल्ले, ते सारखे फडफडत होते. अशा बहुतेक किड्यांना घाण पाणी सोसत नाही, त्यामुळे ते दिसले की ओढा बऱ्यापैकी धडधाकट आहे असं समजावं. (पाणी मात्र तरीही पिऊ नये. नितळ पाण्यातही पोट बिघडवणारे जंतू असतात.)

वीस मिनिटं गेली. जावई म्हणाले, "आई, असं बसलो तर पोहोचणार कधी?" मग आम्ही उठलो आणि गेलेला वेळ भरून काढायला भराभर चालू लागलो. चूक तिथे झाली, आणि त्यात मीही होते.

पुढे ओढा ओलांडायचा होता. पाणी जेमतेम घोट्याएवढं. नात धावत पहिल्या दगडावर गेली आणि दुसऱ्यावरून सटकली. हिरवं शेवाळ आपण ओळखतो. दगडावरचा तो तपकिरी, पातळ थर मात्र नुसता ओलावा वाटतो. तेही शेवाळच, डोळ्यांना सुटं न दिसणाऱ्या डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांचं, आणि भयंकर निसरडं. मी चार पावलं मागे होते. ती चार पावलं संपता संपेनात. हनुवटीला खरचटलं, कपडे भिजले, एवढ्यावर निभावलं. पण सुके कपडे कुणीच घेतले नव्हते आणि पोर काकडत परतली. लहान अंग फार लवकर गारठतं.

म्हणून कळकळीने सांगते, पाण्याजवळ मूल आपल्या हाताच्या अंतरावर हवं. 'लक्ष आहे माझं' एवढ्याने भागत नाही, कारण बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडतच नाही. वाहत्या पाण्याला उथळ म्हणून हसू नये. जोराची धार असेल तर १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलतं. आपल्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की त्याच क्षणी मुलांना उचलून काठापासून वर, उंचावर जावं. चप्पल, चेंडू काही राहिलं तर राहू द्यावं.

आणि उचललेला दगड होता तसा, होता तिथे परत ठेवायला लावावं. खालची बाजू उन्हात राहिली तर तिथली सगळी वस्ती वाळून मरते. नातवाला हे एकदाच सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी दगड धरला, खाली कुणी चिरडत नाही ना हे वाकून पाहिलं आणि अगदी हळू टेकवला.

त्या दिवशी आम्ही अर्ध्यावरूनच परतलो. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत, फक्त पहिल्या वळणापर्यंत. हे जावयांनीच ठरवलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका