मतदार यादीतलं तुझं नाव

शहापूर, बेळगाव
16 मार्च 2025

चि. पिंकी,
अनेक आशीर्वाद.

तुझं ओळखपत्र सापडलं. देव्हाऱ्याखालच्या खणात, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात होतं. फोटो काढून पाठवतो, पण त्याआधी हे वाच. फोनवर बोलायला गेलो की आई मधे पडते आणि काका नेमके त्याच वेळी चहाला येतात, म्हणून लिहितोय.

बंगळूरलाच राहायचं आहे तर नाव तिकडे घालते, फॉर्म 8 भरला की झालं, असं तू म्हणालीस. चूक नाही तुझं. जिथला रस्ता तुडवायचा तिथे मत हवं. फक्त एक सांगतो. महापालिकेच्या वॉर्डाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच काढतात. म्हणजे इथलं नाव गेलं की इथल्या नगरसेवकाचं मतही गेलं. आणि तुझ्या बंगळूरला नगरसेवकांची मुदत संपली सप्टेंबर 2020 मध्ये. तेव्हापासून निवडणूकच नाही. एवढं मोठं शहर, आणि कारभार प्रशासकाच्या हातात. मत तिकडे नेशील, पण सध्या ते ठेवशील कुठे?

काल आपल्याकडे महापौर निवडले. मंगेश पवार महापौर, वाणी जोशी उपमहापौर, दोघे भाजपचे. मी मोबाइलवर बघत होतो. चहा निवायच्या आत सगळं आटोपल्यासारखं वाटलं. निकाल कुणाला ठाऊक नव्हता? 58 पैकी 35 नगरसेवक एकाच पक्षाचे असल्यावर उत्सुकता कशाची राहणार.

तुला ते जुने दिवस आठवणार नाहीत. महापौर निवड जवळ आली की चार-चार दिवस गल्लीत दुसरा विषय नसायचा. एखादा नगरसेवक गावात दिसेनासा झाला की लोक समजून जायचे. त्यात आपला महापौर एका वर्षाचा, म्हणजे हा खेळ दरवर्षी. आपण नगरसेवक निवडायचे, नगरसेवकांनी हात वर करून महापौर निवडायचा, शिवाय आमदार-खासदारांनाही तिथे मत. आणि या सगळ्याच्या आधी बंगळूरहून आरक्षणाची यादी येणार: यंदा महापौरपद कुणाला, उपमहापौरपद कुणाला. ती यादी आली की उद्यमबागेत आमच्या फौंड्रीतसुद्धा जेवणाच्या सुट्टीत आकडेमोड व्हायची. माझ्या हाताखालची पोरं जमिनीवरच्या वाळूत बोटाने आकडे मांडायची, मराठी इतके, कन्नड-उर्दू इतके.

कारण तेव्हा पक्षच नव्हते. म्हणजे होते, पण महापालिकेत त्यांचं चिन्ह चालत नव्हतं. उमेदवार अपक्ष, लढाई भाषेची. 2018 ची गंमत तुला सांगितली होती का? सभागृहात मराठी गटाचं बहुमत, आणि महापौरपद आलं अनुसूचित जमातीला. आपल्या गटात त्या प्रवर्गाचा एकही माणूस नाही! बसाप्पा चिक्कलदिन्नी बिनविरोध महापौर झाले आणि उपमहापौरपदावर आपल्या मधुश्री पुजारी. बहुमत हातात घेऊन आपले लोक बघत बसले. त्या दिवशी काका रात्री जेवले नाहीत. मला खरं सांगायचं तर थोडं हसू आलं होतं.

काकांचं तसं का, हेही तुला कळायला हवं. 2005 साली तू चार वर्षांची होतीस. त्या ऑक्टोबरात सभागृहाने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात महापौर विजय मोरे यांना बंगळूरमध्ये काळं फासलं, आणि थोड्या दिवसांत सरकारने सभागृहच बरखास्त केलं. 2011 च्या डिसेंबरात पुन्हा बरखास्ती. आपण निवडलेली माणसं एका आदेशाने घरी जातात, हे ज्याने दोनदा बघितलं त्याला मत म्हणजे नुसतं गटारीचं काम वाटत नाही. दर 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात ठेवल्याच्या निषेधाला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत काका अजून सायकल घेऊन जातात, गुडघा दुखत असताना. मीही जायचो. तुला पुढच्या दांडीवर बसवून एकदा नेलं होतं, आईने नंतर आठवडाभर बोलणी ऐकवली.

आता मुख्य गोष्ट.

2019 चा ऑगस्ट तुला आठवतो. बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरलं आणि आपल्या मागच्या खोलीत गुडघाभर आलं. तुझी बारावीची पुस्तकं माळ्यावर टाकली होती. नगरसेवकाला फोन लावावा म्हटलं तर नगरसेवकच नव्हता, कारण त्याच मार्चमध्ये मुदत संपली होती. वॉर्डांच्या नव्या हद्दी आणि आरक्षण यांवरून कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या आणि कारभार प्रशासकाकडे. मी एका कचेरीत गेलो, तिथून दुसऱ्या, दुसरीकडून पुन्हा पहिल्या. त्या संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा स्वतःची पाण्याची मोटर खांद्यावर घेऊन आला. रात्री दोनपर्यंत आपल्या रांगेतल्या सहा घरांतलं पाणी त्याने उपसलं. चहासुद्धा उभ्यानेच प्याला.

दोन वर्षांनी, 3 सप्टेंबर 2021 ला मतदान लागलं. कोरोनामुळे तू घरूनच कॉलेज करत होतीस. महापालिकेला तुझं पहिलं मत होतं, म्हणून आई तुला नवा ड्रेस घाल म्हणत होती. त्याच वेळी पहिल्यांदा पक्ष आपापल्या चिन्हावर उतरले. आपल्या वॉर्डात पंचमंडळींनी देवळात बैठक घेऊन एकाचं नाव ठरवलं, दुसऱ्या गल्लीच्या पंचांनी दुसऱ्याचं. दोघेही महाराष्ट्र एकीकरण समितीचेच म्हणवणारे, दोघांची चिन्हं वेगळी. आणि तो मोटरवाला पोरगा कमळ घेऊन उभा.

केंद्रातून बाहेर येताना तू मला विचारलंस, "बाबा, कुणाला?" मी म्हणालो, "ठरलंय की." तू समजलीस समिती. काका समजले समिती. आईही.

मी कमळ दाबलं होतं.

साडेतीन वर्षं झाली, हे मी कुणाला बोललो नाही. 6 तारखेला निकाल लागला. भाजप 35, काँग्रेस 10, आणि समिती बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा काका आपल्या कट्ट्यावर येऊन बसले आणि पार संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मशीनमध्येच घोळ आहे असं त्यांचं तेव्हाही म्हणणं होतं, आजही आहे. त्या वेळी मशीनला चिठ्ठी दाखवणारी जोड नव्हती, त्यामुळे त्यांना खोटं पाडायला कुणाकडे काही नाही. मी मान हलवतो. आपल्या घरातलं एक मत मशीनने फिरवलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

वाईट वाटतं का? त्या पोराला मत दिल्याचं नाही. पण त्यानंतर जे झालं ते बघ. निकाल लागूनही महापौर बसायला फेब्रुवारी 2023 उजाडला. मार्च 2019 पासून मोजलंस तर जवळजवळ चार वर्षं या शहराला महापौर नव्हता. मग शोभा सोमनाचे महापौर झाल्या, रेश्मा पाटील उपमहापौर. दोघी मराठी, दोघी भाजपच्या. समितीने उपमहापौरपदाला उमेदवार दिला होता, हात मोजकेच वर गेले. काका म्हणाले, "हे आपले मराठी न्हवेत." मी म्हटलं, "मग कुठले?" त्यावर ते जे गप्प झाले ते पंचमीपर्यंत.

तसं मलाही काही पूर्ण पटलेलं नाही. मराठी महापौर असून सभेचा अजेंडा मराठीत मिळावा म्हणून नगरसेवकांना अजून मागणी करावी लागते. जिथे 15 टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्या भाषेचे आहेत तिथे त्यांच्या भाषेत कागद द्या, ही मागणी मी चाळीस वर्षं ऐकतोय. पूर्वी सभागृहात यावर आरडाओरडा तरी व्हायचा. आता नगरसेवक बोलायच्या आधी पक्षाच्या माणसाच्या तोंडाकडे बघतो. आणि दुसरीकडे, आपल्या रांगेतली गटार रुंद झाली हेही खरं. गेल्या पावसाळ्यात पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेलं. मी कॉट चढवून ठेवली होती, उगाच.

काकांसमोर मला गटारीचं नाव घ्यायची लाज वाटते, आणि गटारीसमोर उभं राहिलं की काकांची. यातलं मोठं कुठलं ते मला ठरवता येत नाही. तुला ठरवता येत असेल तर कळव, पण पटकन ठरवू नकोस.

राहता राहिलं तुझं नाव. या सभागृहाची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं धरतात, म्हणजे 2028 च्या फेब्रुवारीपर्यंत. तोवर महापौर दरवर्षी बदलत राहील, त्यात तुझ्या-माझ्या मताला काही काम नाही. त्यामुळे घाई कसलीच नाही. विधानसभेला तुला तिकडे मत द्यायचं असेल तर तेही 2028 लाच. फॉर्म भरायचा तर खुशाल भर, मी आडवा येणार नाही. माझं मत विचारशील तर बंगळूरची महापालिका निवडणूक लागेपर्यंत नाव इथे असू दे. दोन्हीकडे ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे; तुझ्या आतेभावाने ती हुशारी केली होती, ती करू नकोस.

पाडवा 30 तारखेला आहे, रविवारी. शनिवारी रात्री निघालीस तर सकाळी गुढी उभारायला पोचशील. आई कुंदा आणून ठेवते म्हणाली, पण तो तू आल्यावर ताजाच आणू. येताना ऑफिसमध्ये वाटायला किती किलो हवा ते आधी सांग, सणाच्या दिवशी दुकानात रांग असते.

आणि हे पत्र काकांना दाखवू नकोस. पाडव्याला मीच सांगतो त्यांना. किंवा दिवाळीला.

तुझा
बाबा